खरखर मोजता येते

एरवी मी या वेळेला बचत, हप्ते आणि बँकेची कागदपत्रं यांवर बोलते. आज विषय वेगळा आहे. आज आपण रेडिओतल्या खरखरीबद्दल बोलू या. ती कुठून येते, ती मोजायची कशी, आणि ती मोजल्यामुळे आपल्याच एका वहिनींचा धंदा बंद पडता पडता कसा वाचला, ते सांगते. विषय इंजिनिअर लोकांचा वाटेल. पण ज्या बायका मीटिंगला पंधरा जणींचा हिशोब पै न पै जुळवतात, त्यांना यातलं काहीही अवघड नाही, बरं का.

झालं असं. पावसाळा संपला आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून निरोप यायला लागले, की संध्याकाळी सातनंतर आपलं केंद्र ऐकूच येत नाही. दुपारी स्वच्छ लागतं. दिवेलागणीला खरखर सुरू होते, ती झोपेपर्यंत. आता सांगा, बायकांना रेडिओ ऐकायला वेळ कधी मिळतो? भाकऱ्या थापताना. नेमकी तीच वेळ. त्या दिवसांत आपली गरोदर बायकांच्या रक्तक्षयावरची मालिका चालू होती, आणि वस्तीवर चौघी जणी शेवटच्या महिन्यांत होत्या. ज्यांच्यासाठी बोललो त्यांनाच ऐकू गेलं नाही.

या निरोपांना उत्तरं काय मिळाली? एक जण म्हणाले, स्वस्तातले रेडिओ घेता, मग खरखर येणारच. दुसरे म्हणाले, केंद्राची ताकद वाढवा. तिसरं उत्तर सगळ्यांत सोपं होतं, म्हणून ते सगळ्यांना पटलं. गिरणी! वस्तीवर आमच्या गटातल्या एक वहिनी पिठाची गिरणी चालवतात. गटाच्या कर्जातून घेतलेली. माणसं रानातून परत आली की दळण टाकतात, त्यामुळे गिरणी चालते सहा ते नऊ. खरखरही त्याच वेळी. झालं, निकाल लागला. वहिनींना सांगण्यात आलं की संध्याकाळी गिरणी बंद ठेवा. गोड बोलून सांगितलं, पण सांगितलं. त्यांची दिवसाची निम्म्याहून जास्त कमाई त्या तीन तासांत होते, आणि हप्ता काही थांबत नाही.

दोन गोष्टी एका वेळेला घडतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही. हे आपल्याला कळतं. पण चारचौघांत दाखवायचं तर आकडा लागतो.

आधी ताकदीचं सांगते. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओला ताकद मनाला येईल तशी वाढवता येत नाही. आपल्या देशात पहिलं सामुदायिक केंद्र २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झालं. तेव्हा परवानगी फक्त शिक्षणसंस्थांना होती. २००६ च्या धोरणानं ती सामाजिक संस्थांनाही मिळाली. मग २००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आताच्या तेलंगणातल्या पस्तापूरला संघम रेडिओ सुरू झाला. तो दलित बायका चालवतात. आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. या सगळ्या केंद्रांना मर्यादा ठरलेली असते. साधारण १०० वॅट शक्ती आणि ३० मीटरपर्यंत उंचीचा अँटेना. तेवढ्यात भागवायचं. मोठं शहर ज्या ताकदीनं बोलतं तसं आपल्याला बोलता येत नाही. म्हणून आपल्यासाठी खरखरीचा प्रश्न जास्त मोलाचा.

ऐकू येणं हे दोन गोष्टींवर ठरतं. आवाज किती मोठा, आणि भोवतीचा गलका किती मोठा. दुपारी ओट्यावर बसून मी हळू बोलले तरी ऐकू जातं. तेच जत्रेत पाळण्याशेजारी ओरडले तरी जात नाही. माझा आवाज कमी झालेला नसतो. तेव्हा प्रश्न असा, की संध्याकाळी आपल्या केंद्राचा सिग्नल कमी होतो, की भोवतीची खरखर वाढते? दोन्हींचा परिणाम कानाला सारखाच. उपाय मात्र अगदी वेगळे.

एफएमची आणखी एक सवय लक्षात ठेवा. सिग्नल खरखरीपेक्षा पुरेसा वर असेल तोवर एफएम स्वच्छ ऐकू येतं. पण एक उंबरठा असतो. सिग्नल खरखरीच्या साधारण दहापट ते पंधरापट असतो, तिथे तो उंबरठा येतो. त्याच्या खाली गेलं की आवाज हळूहळू बिघडत नाही, एकदम कोसळतो. म्हणून बायका सांगत होत्या की काल चांगलं होतं, आज काहीच कळत नाही, तर त्यात खोटं काही नव्हतं.

आता मोजायचं कसं? गटातल्या एका ताईंची मुलगी पॉलिटेक्निकला आहे. ती सुट्टीत एक पेनड्राइव्हएवढं यंत्र घेऊन आली. एका टोकाला अँटेना, दुसरं टोक लॅपटॉपला. त्याला सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात. हे यंत्र मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघायला बनवलं होतं. २०१२ च्या सुमारास काही हौशी तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की त्याच्यातली चिप हवेतल्या लहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे देऊ शकते. तेव्हापासून साध्या स्मार्टफोनपेक्षा कमी पैशात असा रेडिओ मिळतो. यातून आपण काही प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकतो.

साध्या रेडिओत आणि यात फरक काय, ते दळणाच्या भाषेत सांगते. साधा रेडिओ लहर पकडतो, आतल्या आत तिचा आवाज करतो आणि आपल्याला देतो. म्हणजे पीठ हातात येतं. ते टेपवर भरून ठेवलं तरी पीठच. त्यातून मूळ दाणा कसा होता ते कळत नाही. सॉफ्टवेअर रेडिओ दाणे ठेवतो. लहरीचं दर सेकंदाला २४ लाख वेळा माप घेतो आणि आकडे फाइलमध्ये लिहितो. मग ते दाणे घरी आणून हवे तेव्हा, हवे तसे दळा. त्याच एका रेकॉर्डिंगमधून आपलं केंद्र ऐका, शेजारचं केंद्र ऐका, नाही तर दोघांच्या मधली रिकामी जागा तपासा.

प्रत्येक मापात दोन आकडे असतात. दोन का? घड्याळाच्या काट्याचं टोक कुठे आहे हे सांगायला आडवं किती आणि उभं किती, असे दोन आकडे लागतात. एकच सांगितला तर काटा उजवीकडे फिरतोय की डावीकडे हे कळत नाही. लहरीचंही तसंच. दोन आकडे असले की ती आपण लावलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरची आहे की खालची, ते कळतं. या यंत्रात प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये असतो, म्हणजे एका आकड्याला एक बाइट. २४ लाख गुणिले दोन, सेकंदाला ४८ लाख बाइट. मिनिटाला जवळजवळ २९ कोटी. म्हणून आम्ही फक्त दहा-दहा सेकंदांची रेकॉर्डिंग केली. मोजणीला तेवढी पुरतात.

रेकॉर्डिंग करताना चार पथ्यं पाळायची. ही चुकली तर पुढचा सगळा हिशोब वाया जातो.

पहिलं पथ्य, यंत्राची आपोआप आवाज वाढवण्याची सोय बंद करायची. सिग्नल बारीक झाला की ती स्वतःहून वाढवते, मोठा झाला की कमी करते. ऐकायला बरं, मोजायला घातक. डेअरीतल्या काट्याचं शून्य दर गिऱ्हाइकाला बदललं तर दूध मोजलं असं म्हणता येईल का? वाढ एकदा ठरवायची, वहीत लिहायची आणि सगळ्या रेकॉर्डिंगना तीच ठेवायची.

दुसरं पथ्य, यंत्र भरून वाहत नाही ना ते बघायचं. आकडे वरचेवर ० ला किंवा २५५ ला जाऊन टेकत असतील तर सिग्नल यंत्राच्या मावण्यापलीकडे गेला आहे. मग नसलेल्या जागी खोटी केंद्रं दिसायला लागतात. अशा वेळी वाढ कमी करून पुन्हा घ्यायचं.

तिसरं, लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. चार्जर स्वतःच खरखर करतो. चोराच्या शोधाला चोरालाच बरोबर न्यायचं नाही.

चौथं, अँटेना एकच, त्याची उंची एकच, जागा एकच. फाइलला नाव देताना तारीख, वेळ, जागा, वाढ आणि काय चालू होतं, काय बंद होतं, हे सगळं लिहायचं. आम्ही गटाच्या हजेरी वहीसारखी वही केली. पुढे तीच वही सगळ्यांत जास्त कामाला आली.

आता घरी बसून दाणे निवडायचे. सगळ्या लहरी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायचं गणित फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं दिलं. त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ चा. तेच गणित संगणकावर झटपट करायची रीत कूली आणि टूकी या दोघांनी १९६५ साली मांडली. जीएनयू रेडिओसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती तयार असते. आम्ही एकेका वेळी २,०४८ मापं घेतली. त्यामुळे २४ लाख हर्ट्झचा पट्टा २,०४८ खणांत विभागला गेला. एकेक खण सुमारे १,१७२ हर्ट्झचा. प्रत्येक खणात किती शक्ती आहे, तो आकडा मिळतो. मसाल्याच्या डब्यात प्रत्येक वाटीत किती काय आहे ते बघावं तसं.

पण एकदाच बघून भागत नाही. खरखर ही स्वभावानंच चंचल असते. एकदा घेतलेलं माप सरासरीच्या दुप्पटही निघतं आणि पावपटही. म्हणून सरासरी घ्यायची. दहा सेकंदांत अशी ११,७०० च्या वर मापं मिळतात. जितक्या मापांची सरासरी, त्याच्या वर्गमुळाइतका चंचलपणा कमी होतो. ११,७०० चं वर्गमूळ साधारण १०८. म्हणजे डळमळ एक टक्क्यावर आली.

आता डेसिबल. हा शब्द ऐकून घाबरू नका. डेसिबल म्हणजे पटींचा हिशोब. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट. १० म्हणजे दहापट. २० म्हणजे शंभरपट. तीसला हजारपट. इथे एक खड्डा आहे. सरासरी आधी शक्तीची घ्यायची, मग तिचे डेसिबल करायचे. उलटं केलं तर उत्तर कमी येतं. बघा, शक्ती १० आणि १,००० अशा दोन असतील तर सरासरी ५०५. पण डेसिबल करून सरासरी घेतली, तर १० आणि ३० ची सरासरी २०, म्हणजे शक्ती फक्त १००. खरखरीच्या मोजणीत या उलट्या रितीनं पातळी जवळजवळ अडीच डेसिबल कमी दिसते.

मग खरखरीची पातळी कोणती धरायची? पट्ट्यात मध्ये मध्ये केंद्रांचे डोंगर उभे असतात, आणि त्यांच्या पायथ्याशी सपाट जमीन असते. ती जमीन म्हणजे खरखर. सगळ्या खणांची सरासरी घेतली तर डोंगरही त्यात येतात. गटाचं उदाहरण घ्या. अकरा जणी आहेत. दहा जणींनी शंभर-शंभर रुपये भरले आणि एकीनं, तिचा कांदा विकला गेला म्हणून, पाच हजार भरले. सरासरी निघते ५४५. पण ५४५ भरणारी त्या गटात एकही नाही. त्याऐवजी अकरा जणींना रकमेप्रमाणे ओळीत उभं करा आणि मधली सहावी बघा. शंभर. हीच त्या गटाची खरी रीत. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. खणांचंही तसंच करायचं. सगळे खण चढत्या क्रमानं लावायचे आणि मधला उचलायचा.

अर्थात मध्यक चालतो तो निम्म्याहून जास्त पट्टा रिकामा असेल तेव्हाच. आपल्या भागात केंद्रं मोजकी, त्यामुळे चालतो. पुण्या-मुंबईत केंद्रांची दाटी आहे, तिथे दोन केंद्रांच्या मधली जागा डोळ्यांनी निवडून मोजावं लागेल. शिवाय पट्ट्याच्या दोन्ही कडा यंत्राच्या गाळणीमुळे खाली झुकलेल्या असतात आणि अगदी मधोमध यंत्राचाच एक खोटा खिळा उभा असतो. तेवढे खण आधीच काढून टाकायचे.

आणखी एक. पातळी सांगताना किती रुंद खणात मोजली ते सांगायलाच हवं. पावसात परात ठेवली तर पाणी जास्त साठतं, वाटी ठेवली तर कमी. पाऊस तोच. खण दुप्पट रुंद केला की खरखर ३ डेसिबलनी वाढलेली दिसते, खरी वाढलेली नसते.

काही खरखर यंत्राचीच असते. कोणत्याही तारेत, कोणत्याही धातूत उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन वळवळत असतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सननं ती मोजली आणि नायक्विस्टनं तिचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ चे. ही खरखर कुणालाच टाळता येत नाही. म्हणून आम्ही अँटेना काढून त्या जागी ५० ओहमची टोपी लावली आणि एक रेकॉर्डिंग केलं. ती यंत्राची स्वतःची पातळी. तिला एक माप म्हणू.

दुपारी वस्तीवर अँटेना लावल्यावर पातळी तिच्यापेक्षा ३ डेसिबलनी वर आली, म्हणजे दोन मापं. त्यातलं एक यंत्राचं, म्हणजे बाहेरचं एक. संध्याकाळी साडेसातला तीच पातळी दुपारपेक्षा १४ डेसिबलनी वर. म्हणजे यंत्राच्या पातळीच्या १७ डेसिबल वर, पन्नास मापं. त्यातलं एक यंत्राचं वजा केलं, बाहेरची राहिली ४९. दुपारी एक, संध्याकाळी ४९! वजाबाकी अशी शक्तीची करायची. नुसती १४ डेसिबल म्हणजे पंचवीसपट म्हणून थांबलो असतो, तर बाहेरची वाढ निम्मीच दिसली असती.

आणि आपल्या केंद्राचा सिग्नल? दुपारी आणि संध्याकाळी एका डेसिबलच्या आत सारखा. फरक जवळजवळ नाहीच. दुपारी तो खरखरीच्या २२ डेसिबल वर होता, संध्याकाळी उरला ८ वर. मघाशी सांगितलेल्या उंबरठ्याच्या खाली. म्हणजे केंद्र आपलं काम नीट करत होतं, बायकांचे रेडिओही चांगले होते आणि बायका खरं सांगत होत्या. तीन गोष्टी एका मोजणीत मिटल्या.

उरली गिरणी. त्या संध्याकाळी वहिनींनी स्वतःच सांगितलं, मी दहा वेळा चालू-बंद करते, तुम्ही मोजा. पाच वेळा चालू, पाच वेळा बंद, मध्ये दोन-दोन मिनिटं. चालू आणि बंद यांतला फरक आला अर्ध्या डेसिबलहूनही कमी. आणि गिरणीला हात न लावता, नुसतं एकामागून एक मोजलं तरी तेवढा फरक पडतच होता. म्हणजे गिरणीचा हात त्यात दिसत नाही.

याचं कारणही आहे. त्या गिरणीची मोटर इंडक्शन प्रकारची. तिच्यात कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे चालताना ठिणग्या पडत नाहीत. आपल्या मिक्सरमध्ये ब्रश असतात. म्हणून मिक्सर लावला की रेडिओ कुरकुरतो, बंद केला की थांबतो. गिरणीचा आवाज कानाला मोठा, पण रेडिओला तो आवाज ऐकूच येत नाही. मोठ्यानं बोलणाऱ्या बाईवर आळ पटकन येतो, तसंच हे झालं.

मग खरखर कुठली? त्याच रेकॉर्डिंगमध्ये खूण होती. दोन केंद्रांमधली रिकामी जागा घेतली आणि तिथली शक्ती वेळेप्रमाणे मांडली, तर दर दहा मिलिसेकंदाला एक उंचवटा. सेकंदाला शंभर. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि प्रत्येक हेलकाव्याला दोन शिखरं असतात, एक वरचं, एक खालचं. ५० दुणे शंभर. म्हणजे ही खरखर आकाशातून आलेली नाही, विजेच्या तारेला जोडलेल्या कशातून तरी येते आहे. दोन दिवसांनी संध्याकाळी लाइट गेली तेव्हाही आम्ही रेकॉर्डिंग केलं. पातळी दुपारच्या पातळीवर आली. नक्की झालं.

मग लॅपटॉप आणि अँटेना घेऊन तीन जागी मोजलं. ओढ्याकाठी, गिरणीच्या दारात आणि सभामंडपापाशी. सर्वांत जास्त सभामंडपापाशी. तिथे पावसाळ्यानंतर एक मोठा एलईडी फोकस बसवला होता. अंधार पडला की आपोआप लागणारा. परवानगी मागून दोन मिनिटं फ्यूज काढला. परत वस्तीवर मोजणारीनं फोनवर सांगितलं, बारा डेसिबल खाली आलं. फ्यूज लावला, पुन्हा वर. पुन्हा काढला, पुन्हा खाली.

एलईडी दिव्यात एक छोटा डबा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून दिव्याला हवा तेवढा प्रवाह देतो. हे तुकडे करताना खरखर होतेच. ती बाहेर पडू नये म्हणून आत गाळणी लागते. पैसे वाचवायला गाळणीच गाळली, तर दिवा उजेड देतो आणि शेजारच्या रेडिओत अंधार करतो. चांगला ड्रायव्हर बसवल्यावर संध्याकाळची पातळी दुपारपेक्षा दोनच डेसिबल वर राहिली. ते दोन घराघरांतले दिवे आणि चार्जर. तेवढं चालायचंच.

हे सगळं आम्ही ग्रामसभेत कागदावर मांडलं. वही, वेळा, आकडे. कुणाला दोष देण्यासाठी नाही. फोकस बसवणाऱ्यांनी बायकांना रात्री वाट दिसावी म्हणूनच बसवला होता. पण गिरणी बंद ठेवा हे जितक्या सहज सांगितलं होतं, तितक्याच जाहीरपणे ते मागे घेतलं जायला हवं होतं. ते घेतलं गेलं. वहिनींची गिरणी आता सहा ते नऊ चालते, आणि रक्तक्षयाची मालिका आपण वस्तीसाठी पहिल्यापासून पुन्हा लावली.

मैत्रिणींनो, खरखर म्हणजे नेहमी कचराच असतो असंही नाही. बेल प्रयोगशाळेतच कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. समुद्रापलीकडे फोन जोडताना खरखर कुठून येते, हे शोधायचं काम त्याच्याकडे होतं. गोल फिरणारा मोठा अँटेना घेऊन तो २०.५ मेगाहर्ट्झवर मोजत बसला. विजांची खरखर सापडली. तिच्याखाली आणखी एक हलकी फुसफुस होती. ती रोज चार मिनिटं लवकर यायची, दर २३ तास ५६ मिनिटांनी. सूर्य २४ तासांनी येतो, तारे २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे ती फुसफुस ताऱ्यांकडून येत होती, आकाशगंगेतून. १९३३ साली त्यानं ते जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात झाली.

तेच शास्त्र आज आपल्या जुन्नर तालुक्यात चालतं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ती दुर्बीण उभी राहिली. तिच्यासाठी ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे इथे माणसानं केलेली रेडिओची खरखर कमी होती. तिथले शास्त्रज्ञही रेकॉर्ड केलेल्या आकड्यांतून आपल्या तारा, मोटारी, फोन यांची खरखर ओळखून बाजूला काढतात, आणि मग उरलेल्यात तारे शोधतात. काम मोठं आहे, पण रीत आपल्या वहीतलीच.

आता तुमच्याकडून मला एक मदत हवी आहे. तुमच्या घरी आपलं केंद्र खरखरत असेल तर नुसतं "ऐकू येत नाही" असं कळवू नका. वेळ लिहा, कधी सुरू होतं, कधी थांबतं. लाइट गेल्यावर सेलवरचा रेडिओ लावून बघा, खरखर जाते का. घरातले दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करा आणि कशानं फरक पडतो ते लिहा. विजेच्या खांबाला किंवा तारेला मात्र हात लावायचा नाही, तिथे संशय असेल तर वायरमनला बोलवा. चार दिवसांची नोंद गटाच्या मीटिंगला आणा. ज्या वस्तीवरून जास्त नोंदी येतील तिथे आम्ही यंत्र घेऊन येऊ. मोजायला आता गटातल्या तिघी जणी शिकल्या आहेत. त्यातली एक सातवीपर्यंत शिकलेली आहे, आणि मध्यक काढण्यात तिचा हात कुणी धरत नाही.

आणि कुणी म्हणालं की तुम्हाला भास होतो, किंवा अमकीमुळेच होतं, तर वाद घालत बसू नका. वही उघडा.

पुढच्या वेळी बोलू या नव्या हंगामाच्या पीककर्जाच्या कागदांबद्दल. तोवर नमस्कार.